कार पार्कखालचे चार चर आणि आजीचा काचांचा डबा

गेले बारा दिवस यॉर्कमध्ये एका कार पार्कचं डांबर उचकटून आम्ही चार चर खणत होतो, आज दुपारी ते बुजवले, अंगावरचा चिखल धुतला, वरणभात खाल्ला आणि हे लिहायला बसल्ये. बरेच महिने काही लिहिलं नव्हतं पण आज राहवत नाहीये. जागा कुठली, मालक कोण हे सांगता येणार नाही, रिपोर्ट अजून जायचाय. एवढंच सांगते की जुन्या तटबंदीच्या आत, फॉस नदीपासून फार लांब नाही, आणि तिथे पाच मजली बिल्डिंग व्हायच्ये.

माझं काम नक्की काय हे कोल्हापुरात मी दहा वेळा तरी समजावलं असेल. शेवटी मामानेच ते एका वाक्यात बसवलं, "म्हंजे बिल्डरच्या आधी तुम्ही जाताय." बरोब्बर. बिल्डरच्या आधी आम्ही जातो. जमिनीत काय आहे, किती खोल आहे, किती शाबूत आहे, एवढं बघायला. सगळं खणायचं नसतं. जागेचा थोडासा भाग, असे पट्टे आखून, चाचणीपुरता उघडायचा. डॉक्टर जसं सगळं पोट फाडत नाही, आधी सोनोग्राफी करतो, तसं काहीसं, फक्त आमच्या सोनोग्राफीला पोकलेन लागतं.

आधी कागदाचं काम असतं ते मी पटकन सांगून टाकते. जुने नकाशे, आजूबाजूला आधी झालेल्या खोदाया, तळघरं कुठे होती, गॅस-वीज-पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात, हे सगळं बघून चर कुठे घ्यायचे ते ठरतं आणि तसा लेखी आराखडा कौन्सिलच्या पुरातत्त्वज्ञाकडे जातो. हो, इथल्या नगरपालिकेचा स्वतःचा पुरातत्त्वज्ञ असतो, आणि तो हो म्हणल्याशिवाय डांबराला हात लागत नाही. मग तो साइटवर येऊन चर बघतो. बुजवायची परवानगीपण त्याच्याकडूनच.

मग मशीन. मशीनला दात नसलेली, सरळ धारेची रुंद बकेट लावतात, दाताच्या बकेटने ओरखडे पडतात आणि थर वाचता येत नाहीत. आणि आपल्यातला एक जण कायम बकेटच्या बाजूला उभा, नजर मातीवर, हात वर केला की ड्रायव्हरने थांबायचं. आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, तीस वर्षं हेच करतोय, बकेटने पोळीएवढ्या जाडीचा पापुद्रा काढतो तो. मी हात वर करायच्या आधीच दोनदा तो स्वतः थांबला, कारण म्हणाला, बकेटचा आवाज बदलला. मातीत विटा आल्या की आवाज बदलतो हे मला कुठल्याही वर्गात कोणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या दोन चरांत निराशाच. डांबर, खाली खडी, खाली काळपट राडारोडा, मग व्हिक्टोरियन काळातल्या घराचं विटांचं तळघर, आणि त्या तळघराने त्याच्याखालचं सगळं खाऊन टाकलेलं. हे शहरात फार होतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी कोळसा ठेवायला तळघर खणलं आणि हजार वर्षं तिथून उचलून नेली. पण हेसुद्धा लिहायचं असतं, की इथे काही उरलेलं नाही, कारण मग बिल्डिंगचा जड भाग, लिफ्टचा खड्डा वगैरे, तिथे सरकवता येतो. म्हणजे रिकामा चरसुद्धा कामाचा.

तिसऱ्या चराने मात्र माझे बारा दिवस सार्थकी लावले.

दीड मीटरपर्यंत बागेची माती होती, त्यात चिकणमातीच्या तंबाखूच्या पाइपांच्या काड्या (पांढऱ्या, खडूसारख्या, त्या इथे एवढ्या निघतात की नव्या पोरांचा उत्साह दोन दिवसांत ओसरतो), निळ्या नक्षीच्या बश्यांचे तुकडे, कालवाच्या शिंपल्या. त्याच्या खाली मध्ययुगातला एक कचऱ्याचा खड्डा, त्यात हिरव्या चकाकत्या मुलाम्याची खापरं. इथे साधारण १.२ मीटरच्या खाली बाजूंना आधार दिल्याशिवाय किंवा पायऱ्यापायऱ्यांनी कापल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, त्यामुळे वर रुंद आणि खाली अरुंद असा चर झाला, आपल्याकडच्या बारवेसारखा, आणि मी सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघ्याखाली स्पंजचा तुकडा घेऊन बसलेली. हातात ट्रॉवेल, म्हणजे आपल्या गवंड्याची थापीच, पण चार इंची, टोकदार. स्वतःकडे ओढत ओढत खरवडायचं. आणि खरवडता खरवडता माती बदलली. वरची तपकिरीच्या रंगाची, भुसभुशीत होती, ती एका रेषेवर संपली आणि खाली काळी, ओली, चिवट, आत गवताच्या काड्या जशाच्या तशा. आणि वास! साखर कारखान्याच्या बाजूने जाताना मळीचा येतो ना, तसा. मी तिथेच बसून राहिले दोन मिनिटं. शिरोलीपासून ऊस बघत वाढलेल्या मुलीला यॉर्कच्या जमिनीत तो वास यावा!

त्या वासाचं कारण साधं आहे. दोन नद्यांचं शहर, जमीन पाणथळ, खालच्या थरांत हवाच पोचत नाही, त्यामुळे कुजवणारे जंतू काम करू शकत नाहीत आणि लाकूड, चामडं, कापड, बिया, किड्यांचे पंखसुद्धा हजार वर्षं टिकतात. आपल्याकडे जे सगळ्यात आधी नाहीसं होतं ते इथे राहतं. त्या काळ्या थरात मला आधी कुडाच्या मेढी दिसल्या, मनगटाएवढ्या, ओळीने ठोकलेल्या, त्यातून विणलेल्या काटक्या. आपल्या कुडाच्या भिंतीसारखंच विणकाम, एक आतून एक बाहेरून. आणि त्या कुडाच्या पायथ्याशी चपलेचा तळ. चामड्याचा, डाव्या पायाचा, टाचेकडे झिजलेला. माझ्या तळहाताहून थोडा मोठा, म्हणजे मुलाचा किंवा लहान चणीच्या बाईचा असणार. कडेने शिवणीची भोकं एका ओळीत, मोजली, बोटभर अंतरात पाच. तो मी लगेच उचलला नाही. आधी फोटो, उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि मापाची पट्टी (स्केल) ठेवून, मग एकास वीसच्या प्रमाणात नकाशा, मग समुद्रसपाटीपासूनची उंची, मग नंबर, आणि मग त्याच ओल्या मातीसकट डब्यात, वर पाणी, कारण वाळला तर तासाभरात पापडासारखा वळतो आणि हजार वर्षांचं टिकणं तिथेच संपतं.

नंबराचं थोडं सांगते, कारण सगळं शास्त्र त्याच्यात आहे. आम्ही प्रत्येक घटनेला वेगळा नंबर देतो, वस्तूला नंतर. समजा वाड्यातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. पेव खणलं, ही एक घटना. आत गवताचं अस्तर लावलं, ही दुसरी. धान्य संपलं, पेव मोडकळीला आलं, मग त्यात राख आणि फुटकी मडकी टाकली, ही तिसरी. वरून मातीने बुजवून जमीन सारवली, चौथी. आम्हाला दिसतो फक्त एक गोल काळा डाग, पण त्याचे चार नंबर होतात, आणि कोणाच्या आधी कोण याची वंशावळीसारखी आकृती काढतात. ही पद्धत एडवर्ड हॅरिसने १९७३ साली बसवली आणि आज जगभर तीच वापरतात. मुद्दा असा की वस्तूची किंमत ती कुठल्या घटनेत सापडली यावर. तोच चपलेचा तळ मला बागेच्या मातीत मिळाला असता तर नुसता जुना तळ. कुडाच्या पायथ्याशी, त्या काळ्या थरात, म्हणून तो कोणाच्या तरी परसातला.

आता पुढे काय होईल? रिपोर्ट जाईल. यॉर्कमध्ये १९९१ च्या एका अभ्यासानंतर धोरणच असं ठरलं की नव्या बांधकामाने जमिनीतल्या पुरातत्त्वीय थरांचं पाच टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान करायचं नाही. म्हणून पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल घातलेले पायाचे खांब, कमी आणि लांब अंतरावर, जड भाग तळघराने आधीच खाल्लेल्या जागेवर, आणि जिथे खणण्यावाचून गत्यंतर नाही तिथे रीतसर पूर्ण उत्खनन, सगळा खर्च बांधणाऱ्याने करायचा. हे सगळं काही पहिल्यापासून नव्हतं. १९८९ ला लंडनला ऑफिसच्या बिल्डिंगसाठी खोदताना रोझ थिएटरचा पाया निघाला, शेक्सपिअर-मार्लोची नाटकं जिथे झाली ते, आणि लोक, नट-नट्यांसकट, मशीनसमोर येऊन उभे राहिले. शेवटी बिल्डिंगचं डिझाइन बदललं आणि ते अवशेष खाली जपून ठेवले गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकारची मार्गदर्शक सूचना आली की बांधकामाची परवानगी द्यायच्या आधीच जमिनीत काय आहे ते बघून घ्या. माझी नोकरी त्या सूचनेतून आल्ये असं मी नेहमी म्हणते.

आणि छोट्या खड्ड्याची ताकद काय असते ते याच शहराने दाखवलंय. १९७२ ला इथल्या पेव्हमेंट नावाच्या रस्त्यावर (रस्त्याचंच नाव पेव्हमेंट) लॉइड्स बँकेच्या इमारतीखाली छोटे चाचणी खड्डे घेतले. खाली नऊ मीटरपर्यंत ओले, काळे, शाबूत थर. तिथे चामडं, लाकूड तर मिळालंच, पण व्हायकिंग काळातल्या एका माणसाची टिकून राहिलेली विष्ठासुद्धा मिळाली, ती आता म्युझियममध्ये आहे, आणि तिच्यावरून तो माणूस मांस आणि भाकरी खायचा आणि त्याच्या पोटात जंत होते इथपर्यंत कळलंय. त्या खड्ड्यांमुळे लोकांना कळलं की शेजारी कॉपरगेटला, जिथे गोळ्या-चॉकलेटचा जुना कारखाना पाडून शॉपिंग सेंटर करायचं चाललं होतं, तिथे काय दडलं असेल. मग १९७६ ते १९८१, सलग पाच वर्षं उत्खनन. चार शेजारशेजारची घरं, परसासकट, कुंपणासकट, लोकरीचा एक पायमोजासुद्धा. १९८४ पासून तिथेच जमिनीखाली योर्विक म्युझियम आहे, शाळेच्या पोरांची रांग लागलेली असते.

पण त्याच कॉपरगेटची दुसरी गोष्ट मला जास्त आठवते. उत्खनन संपलं, सगळे घरी गेले, बांधकाम सुरू झालं, आणि १२ मे १९८२ ला मशीनची बकेट कशावर तरी ठणकन आदळली. ड्रायव्हरने मशीन थांबवलं आणि उतरून बघितलं. आठव्या शतकातलं लोखंडी-पितळी शिरस्त्राण, नाकावर पितळेची नक्षी. एवढं शाबूत शिरस्त्राण म्हणजे दुर्मीळ गोष्ट, आज ते यॉर्कशायर म्युझियममध्ये आहे. पाच वर्षं शिकलेली माणसं खणत होती आणि ते सापडलं ड्रायव्हरला, तो थांबला म्हणून. मी दरवेळी मशीनच्या बाजूला उभी राहते तेव्हा त्या माणसाची आठवण काढते. त्याने तसंच पुढे रेटलं असतं तर कोणाला कळलंही नसतं.

आता आजीच्या डब्याकडे येते, कारण त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

माझं आजोळ शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूला. ब्रह्मपुरी तिथून चालत दहा मिनिटं. कोल्हापूरच्या पोरांना ब्रह्मपुरी म्हणजे एक उंचवटा, वर घरं, बाजूला नदी, एवढंच माहीत असतं. पण टाउन हॉलच्या म्युझियममध्ये शाळेची सहल गेली असेल तर तो छोटा ब्राँझचा पुतळा बघितला असेल, वीतभरही नाही, दाढीवाला, उघडा, एक हात वर केलेला. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेच्या काठावर समुद्रदेव! तो ब्रह्मपुरीतच सापडला. चाळीसच्या दशकात राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांनी तिथे काम केलं आणि मग १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. खाली सातवाहन काळातलं शहर, भाजक्या विटांची घरं, सातवाहनांच्या वेळची नाणी, रोमन जगाशी व्यापार होता त्याच्या खुणा. आणि वर बहामनी काळातली वस्ती, तिच्यात काचेच्या बांगड्या. खूप बांगड्या. जाड, काळ्या, पिवळ्या-लाल नक्षीच्या.

लहानपणी आजीकडे गेलं की आम्ही बहिणी परसात तुळशीमागे उकरायचो, काचापाणी खेळायला बांगड्यांचे तुकडे लागायचे म्हणून. कासारणीकडून भरलेल्या बांगड्यांचे तुकडे पातळ, हिरवे, आणि ते घरात मिळायचेच. पण परसातले तुकडे वेगळे असायचे. जाड. काळ्यावर पिवळे ठिपके, कुठे लाल पट्टी. त्यांचा खेळात जास्त भाव, एका जाडीला तीन पातळ असा हिशोब आमचा. आजी ते सगळे बोर्नव्हिटाच्या डब्यात भरून ठेवायची, म्हणायची, "पांढरीतलं हाय ते, टाकू नगा." पांढर म्हणजे गावठाणाची माती. काळी म्हणजे शेत आणि पांढर म्हणजे वस्ती, पिढ्यानपिढ्या राख, शेण, पडकी घरं मिसळून पांढुरकी झालेली. शेतकरी ती गाडीगाडीने खत म्हणून शेतात नेऊन टाकायचे. आम्ही ज्याला वस्तीचा थर म्हणतो त्याला माझ्या न शिकलेल्या आजीकडे एका शब्दात नाव होतं.

पुढे डेक्कन कॉलेजला एम. ए. करताना एका तासाला सरांनी काचेच्या बांगड्यांची चित्रं दाखवली, ब्रह्मपुरीची. मी पुढच्या बाकावर होते. घशात आवंढा आला. तुळशीमागचा डबा पडद्यावर.

त्या सुट्टीत घरी गेले तेव्हा डबा होता, पण वाडा जायचा ठरला होता. चार भावांचा वाडा, माळवद गळत होतं, मागची भिंत पावसाळ्यात पडेल अशी, मामा एकटा किती सांभाळणार. वाडा पडला याबद्दल माझी तक्रार नाही, माणसांना राहायला जागा लागते, आणि मामीला पन्नास वर्षांनी घरात संडास मिळाला, हे मी विसरत नाही. माझी तक्रार खालच्या मातीबद्दल आहे. मी बिल्डरला भेटायला गेले, म्हटलं पाया खणताना मला तीन दिवस द्या, मी एकटीच येते, काम थांबवायची गरज नाही, एक कोपरा तेवढा हाताने. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, ताई, पावसाच्या आधी प्लिंथ बाहेर काढायचंय. मग मी पुण्याला गेले, परीक्षा होती, आणि मामाचा फोन आला, "अगं, दोन दिसांत सपाट केलं की."

रातराणीने पोचले. सकाळी सहाला मी खड्ड्याच्या काठावर होते. साडेतीन मीटर खोल, सरळ कापलेला, चारही बाजूंना थर उघडे पडलेले, वर्गात शिकवायला लागतात तसे स्वच्छ. वर वाड्याचं जोतं, खाली राखेचा पट्टा, मग परत जमीन, सारवणाचे पापुद्रे एकावर एक, मध्ये पेवाचा गोल काप, आणि तळाशी मोठ्या विटांच्या दोन रांगा. मोठ्या म्हणजे आजच्या विटेच्या दुप्पट तरी वाटल्या. विटेची लांबी-रुंदी-जाडी मोजली की काळाचा अंदाज बांधता येतो. मी मोजली नाही. खाली उतरू देईनात, सळया लावायची घाई होती, आणि माझ्याकडे टेपसुद्धा नव्हता. पुण्याहून एक जोडी कपडे आणि मोबाइल घेऊन निघालेली मी. फोटो काढायचे तर स्केल हवी, म्हणून मामाने काठावरून त्याची कोल्हापुरी चप्पल दोरीला बांधून खाली सोडली आणि मी फोटो काढले. सतरा फोटो. नऊ नंबरची चप्पल, ती जरा गोल फिरलेली, मागे थर. दहाच्या सुमाराला काँक्रीटची गाडी आली.

माती डंपरने गेली होती. कुठे, ते मामाला विचारायला लावलं, तर कुठल्याशा सखल प्लॉटमध्ये भराव म्हणून. तिथे आता कोणाला बांगडीचा तुकडा सापडला तरी तो कुठलाच नाही. घटना गेली, वस्तू राहिली.

कायद्याचं लोक विचारतात म्हणून सांगते. आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आहे आणि त्याच्या पुढचे दोनशे मीटर नियंत्रित, २०१० च्या दुरुस्तीपासून. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पण पेठेतला साधा वाडा, ज्याच्या जवळपास संरक्षित स्मारक नाही आणि ज्याच्याखाली हंडा नाही, नुसते थर आहेत, त्याच्यासाठी आधी बघून घ्या असं सांगणारं कोणी नसतं. पुण्यात मेट्रोच्या खोदाईत २०१९ ला स्वारगेटला भुयार लागलं तेव्हा केवढी गर्दी झाली, बातम्या आल्या, चांगलंच झालं. पण भुयार दिसतं. राखेचा पट्टा दिसायला कोणीतरी शिकलेलं माणूस काठावर उभं लागतं, आणि कसबा पेठ असो, नाशिकची जुनी गल्ली असो, पैठण असो, नुसतं एक माणूस, तीन दिवस, एक टेप आणि एक वही, एवढं जरी रीडेव्हलपमेंटच्या परवानगीच्या कागदात आलं तरी केवढं वाचेल. मी यॉर्कसारखं पाच टक्के मागत नाहीये. तीन दिवस मागत्ये.

इथे चरात बसलेलं असताना हे सारखं मनात येतं. कोणा अनोळखी पोराच्या झिजलेल्या चपलेच्या शिवणीची भोकं मी मोजते, एकास वीसने काढते, पाण्यात ठेवते, त्याला नंबर देते, आणि हे सगळं करायलाच हवं, ते पोर त्याला लायक आहे. माझ्या पणजीने सारवलेल्या जमिनीचे पापुद्रे मात्र माझ्याकडे सतरा फोटोंत आहेत आणि कुठलाच पापुद्रा किती जाड होता ते सांगता येत नाही. चपलेच्या लांबीवरून मी कॉम्प्युटरवर हिशोब करून बघितलाय, खूप वेळा. चप्पल फिरलेली असल्यामुळे जमत नाही.

तर नवीन बातमी अशी की शेजारचा वाडा जातोय. आमच्या वाड्याला लागूनच, मधली भिंत सामाईक होती, म्हणजे आमचे थर तिकडे पुढे चालू असणार, ते पेवसुद्धा कदाचित अर्धं त्यांच्या बाजूला असेल. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. त्याला मी मागच्या महिन्यात सगळं समजावून सांगितलं, उत्खनन करणार नाहीये, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि तसं कोणीही घरच्या घरी करू नये, पण तुमचा पाया तुम्ही खणणारच आहात, खणून झाल्यावर सळया लावायच्या आधी मला खड्ड्याच्या चार भिंती साफ करून मोजून काढू द्या. आणि काही निघालं तर रीतसर कळवायचं. त्याने बिल्डरशी बोलून दोन दिवस मिळवलेत. लेखी घेतलंय. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाया, मी सात तारखेला पोचत्ये, रजा मंजूर झाल्ये.

ट्रॉवेल, लाइन लेव्हल, ट्रेसिंगसारखा तो न फाटणारा प्लास्टिकचा कागद, नंबरांच्या चकत्या इथून आणते. ओळंबा आणि सुतळी मामाकडे आहे. मामीने चाळणी शोधून ठेवल्ये, गव्हाची. काल रात्री मामाने व्हिडिओ कॉल केला, अंगणात बसला होता, समोर वर्तमानपत्र अंथरलेलं, हाताला लाल रंग. दोन मीटरची लाकडी पट्टी आणून त्याने तिच्यावर वीस वीस सेंटीमीटरचे पट्टे आखलेत, एक लाल एक पांढरा, मी पाठवलेल्या फोटोत आहे अगदी तसे. लाल वाळला होता, पांढऱ्याचा दुसरा हात द्यायचा होता. मला म्हणाला, "बघ की नीट, पट्टं सारखं आलंत का?" मी म्हटलं मामा, खालून तिसरा एक बोट मोठा झालाय. तर कॉल चालू ठेवूनच त्याने पॉलिश पेपर घेतला आणि तिसरा पट्टा घासायला बसला.